चूक माणसाची की वस्तूची? उल्मच्या टेकडीपासून पवईपर्यंत यूएक्स शिक्षणाचा इतिहास

१/ मोबाइलवरून पैसे पाठवताना भलतेच बटण दाबले जाते, ऑनलाइन अर्ज भरताना शेवटच्या पानावर सगळी माहिती पुसली जाते, आणि माणूस स्वतःलाच दोष देतो : ‘मला यातले काही कळत नाही.’ माणूस आणि यंत्र यांच्यात चूक घडली, तर ती नेमकी कोणाची? विद्यापीठांत आज ‘यूजर एक्स्पीरियन्स डिझाइन’, म्हणजेच यूएक्स, या नावाने शिकवला जाणारा विषय याच प्रश्नातून जन्माला आला. त्याच्या इतिहासात एक महायुद्ध आहे, दोन भावंडांचे हौतात्म्य आहे, सरकारने बंद पाडलेली एक शाळा आहे आणि आपला पितळी तांब्याही आहे. #धागा

२/ दुसरे महायुद्ध. अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने मोहिमेवरून सुखरूप परतत, धावपट्टीवर उतरत, आणि उतरल्यानंतर वैमानिक चाकेच आत ओढून घेई. विमान पोटावर आपटे. एकदा नव्हे, वारंवार. चौकशीचा निष्कर्ष प्रत्येक वेळी एकच : वैमानिकाची चूक. १९४३च्या सुमारास अल्फॉन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांऐवजी त्यांच्या बसण्याची जागा तपासली. चाकांचा खटका आणि पंखांवरील फ्लॅपचा खटका शेजारी-शेजारी होते आणि दिसायला तंतोतंत सारखे होते. सी-४७ विमानात ते असे जवळ नव्हते, आणि तेथे असे अपघात होत नव्हते.

३/ चॅपानिसचा उपाय अत्यंत साधा होता. चाकांच्या खटक्याला रबराचे छोटे चाक बसवायचे, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा आकार द्यायचा. आता अंधारात, थकलेल्या हातालाही फरक कळू लागला. आजही प्रवासी विमानांत चाके खाली-वर करणाऱ्या दांडीच्या टोकाला चाकाचाच आकार असतो. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ अशा शिक्क्याच्या ४६० घटनांचे विश्लेषण केले. त्यांतील कित्येक चुकांचे मूळ यंत्राच्या रचनेतच होते. माणसाला अधिक सावध करण्यापेक्षा यंत्र अधिक समंजस करावे, हा विचार येथे पहिल्यांदा आकड्यांच्या आधाराने उभा राहिला.

४/ हे काम मात्र लष्करी प्रयोगशाळेतले होते. विमाने, रडार, तोफा या वस्तूंसाठी राज्यसंस्था खर्च करण्यास तयार होती. घरातला रेडिओ, उपाहारगृहातली बशी, रस्त्यावरची पाटी यांचा असा अभ्यास कोण करणार? आणि तो विद्यार्थ्यांना कोठे शिकवणार? या प्रश्नाचे एक उत्तर युद्धात पराभूत झालेल्या जर्मनीत, डॅन्यूब नदीकाठच्या उल्म या शहरात मिळाले. त्या उत्तराची सुरुवात मात्र एका मृत्युदंडापासून होते.

५/ १८ फेब्रुवारी १९४३. म्युनिक विद्यापीठाच्या इमारतीत हान्स शोल आणि सोफी शोल ही भावंडे नाझी राजवटीविरुद्धची पत्रके टाकताना पकडली गेली. ‘श्वेत गुलाब’ या गुप्त विद्यार्थी गटाचे ते सदस्य होते. २२ फेब्रुवारीला खटला चालला आणि त्याच दिवशी दोघांचा शिरच्छेद करण्यात आला. हान्स २४ वर्षांचा, सोफी २१ वर्षांची. शोल कुटुंब उल्मचे रहिवासी. मागे राहिलेली थोरली बहीण इंगे शोल हिच्यापुढे प्रश्न होता : ज्या समाजाने हे घडू दिले, तो समाज पुन्हा घडवायचा कसा?

६/ इंगेने १९४६ मध्ये उल्ममध्ये प्रौढांसाठी लोकविद्यालय सुरू केले. तिच्या सोबत होता ओट्ल आयखर, हिटलरच्या युवा संघटनेत जाण्यास नकार दिलेला तिचा मित्र आणि पुढे पती. दोघांची धारणा अशी की लोकशाही केवळ संसदेत राहत नाही. ती माणसाच्या रोजच्या वापरातील वस्तूंमध्ये, छापील कागदात, घरांच्या रचनेतही राहते. भव्य संचलने आणि डोळे दिपवणारी प्रतीके यांनी जनतेला कसे भारून टाकता येते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून नव्या जर्मनीतील वस्तू प्रामाणिक, स्पष्ट आणि वापरणाऱ्याचा मान राखणारी असावी, अशी त्यांची मनीषा होती.

७/ १९५० मध्ये शोल भावंडांच्या स्मरणार्थ प्रतिष्ठान स्थापन झाले. जर्मनीतील अमेरिकी उच्चायुक्त जॉन मॅक्लॉय यांनी दहा लाख मार्क देऊ केले. अट एवढीच की तेवढीच रक्कम जर्मन बाजूनेही उभी राहावी. ती उभी राहिली. १९५३ मध्ये अध्यापन सुरू झाले आणि १९५५ मध्ये कुबेर्ग टेकडीवरच्या नव्या इमारतीचे उद्घाटन बाउहाउसचे संस्थापक वाल्टर ग्रोपियस यांच्या उपस्थितीत झाले. त्याच टेकडीवरील जुन्या किल्ल्यात नाझींनी १९३३ ते १९३५ या काळात छळछावणी चालवली होती. शाळेचे नाव होते ‘होखशूले फ्यूर गेश्टाल्टुंग’, म्हणजे अभिकल्पाचे उच्च विद्यालय.

८/ पहिले प्रमुख होते स्विस वास्तुकार माक्स बिल, स्वतः बाउहाउसचे विद्यार्थी. त्यांच्या मते अभिकल्पक हा मुळात कलावंत. तरुण अध्यापकांना हे पटेना. आयखर, अर्जेंटिनाहून आलेला तोमास माल्दोनादो आणि हान्स गुगेलोत यांचे म्हणणे वेगळे होते. कारखान्यात लाखो प्रतींनी निघणारी वस्तू एका प्रतिभावंताच्या आवडीवर सोडता येत नाही. ती वापरणारा कोण, त्याचा हात कसा, त्याची दृष्टी कशी, त्याचे काम कोणते, हे अभ्यासाने जाणून घ्यावे लागते. वाद विकोपाला गेला. बिल यांनी १९५६ मध्ये प्रमुखपद सोडले आणि पुढच्या वर्षी शाळाही सोडली.

९/ त्यानंतर उल्मच्या वर्गांत जे विषय आले, ते पाहिले तर आजच्या यूएक्स अभ्यासक्रमाची जन्मपत्रिकाच समोर येते. कामाच्या वेळी शरीराची सोय-गैरसोय अभ्यासणारी श्रमशास्त्राची शाखा, चिन्हांचा अर्थ कसा लागतो हे सांगणारे चिन्हशास्त्र, समाजशास्त्र, गणित, माहितीचा सिद्धान्त आणि सायबरनेटिक्स. चित्रकलेच्या वर्गातून आलेल्या मुलांना हे सारे नवे होते. संगणकाचा पडदा सर्वसामान्यांच्या टेबलावर यायला अजून पंचवीस वर्षे होती. पण वापरणाऱ्याचा अभ्यास हा विद्येचा विषय होऊ शकतो, हे येथे ठरून गेले.

१०/ उदाहरण हवे असेल तर कपबशीचे. हान्स रोएरिश्ट या विद्यार्थ्याने १९५८-५९ मध्ये पदविकेसाठी ‘टीसी १००’ हा उपाहारगृहांसाठीचा भांडीसंच तयार केला. भांडी एकमेकांवर नेमकी बसतात, चळत डगमगत नाही, कमी जागेत जास्त मावतात. हा संच जेवणाऱ्याइतकाच भांडी उचलणाऱ्या, धुणाऱ्या आणि रचून ठेवणाऱ्या माणसासाठी होता. ‘वापरकर्ता’ म्हणजे केवळ पैसे देणारा ग्राहक नव्हे, हा धडा त्यात आहे. तो संच कारखान्यात तयार झाला आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातही पोहोचला.

११/ उल्ममध्ये १९५८ ते १९६३ या काळात होर्स्ट रिटेल हा गणिती शिकवत होता. पुढे तो अमेरिकेत बर्कलीला गेला आणि मेल्विन वेबरसह १९७३ मध्ये त्याने एक विचार मांडला, जो आज प्रत्येक डिझाइन विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच भेटतो. गणितातला प्रश्न सुटला की सुटतो. समाजातले प्रश्न तसे नसतात. प्रश्न नेमका काय आहे यावरच मतभेद असतात, अखेरचे उत्तर सापडत नाही आणि प्रत्येक उपाय परिस्थितीच पालटून टाकतो. अशा प्रश्नांना त्यांनी ‘कुटिल’ प्रश्न म्हटले. शहराची वाहतूक असो वा रुग्णालयातील नोंदणी, यूएक्सचा विद्यार्थी अशाच प्रश्नांशी झुंजत असतो.

१२/ आता भारत. १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी अभिकल्पक दांपत्य देशभर हिंडले. लघुउद्योगांच्या काळात वस्तूंचा दर्जा घसरू नये यासाठी काय करावे, हे त्यांना सांगायचे होते. त्यांच्या ‘इंडिया रिपोर्ट’मध्ये सर्वाधिक गौरव झाला तो लोट्याचा, म्हणजे मराठी घरातल्या तांब्याचा. त्यात किती पाणी मावावे, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहावा, कमरेवर आणि तळहातात तो कसा बसावा, आतून घासता येईल का, जमिनीवर ठेवताना आवाज कसा येतो, किंमत किती, तो कोणाला भेट देताना काय वाटते : अशा प्रश्नांची लांबलचक मालिकाच त्यांनी मांडली.

१३/ या मालिकेचे महत्त्व असे की ती सौंदर्याची वाखाणणी नव्हे, ती वापराची चौकशी आहे. पाणी भरणे, वाहणे, ओतणे, घासणे, मिरवणे : वस्तूचे संपूर्ण आयुष्य तिच्यात येते. तांब्याचा कोणी एक निर्माता नाही. शेकडो वर्षे तांबट घडवत गेले, बायामाणसे वापरत गेली, अडचणीचे ते गळत गेले. पिढ्यांनी मिळून केलेले हे काम आता कारखान्याच्या वेगाने करायचे, तर ती दृष्टी शिकवणारी संस्था हवी, असा अहवालाचा आग्रह होता. १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय अभिकल्प संस्था, म्हणजे एन.आय.डी., स्थापन झाली. अहवाल लिहिला गेला तेव्हा अहमदाबाद हे मुंबईसह एकाच द्विभाषिक राज्यात होते, ही जाता जाता आठवण.

१४/ उल्म आणि भारत यांच्यातील देवाणघेवाण याच दशकात वाढली. हान्स गुगेलोत १९६५ मध्ये, आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, अहमदाबादेत शिकवून गेले. उलट दिशेने मुंबईचा एक तरुण उल्मला पोहोचला. त्याचे नाव सुधाकर नाडकर्णी. मुंबईत उपयोजित कलेचे शिक्षण घेतलेल्या नाडकर्णींनी उल्मच्या टेकडीवर पदविका पूर्ण केली, भारतात परतून काही काळ एन.आय.डी.त अध्यापन केले. त्यांच्या पाठीमागे उल्ममध्ये मात्र अरिष्ट जमत होते.

१५/ बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याच्या सरकारला उल्मची शाळा महागडी, भांडखोर आणि डाव्या वळणाची वाटे. अनुदान कमी होत गेले, कर्ज वाढत गेले. राज्याने शाळेला एखाद्या अभियांत्रिकी संस्थेत विलीन होण्याचा मार्ग दाखवला. विद्यार्थी आणि अध्यापक यांनी तो नाकारला. १९६८च्या अखेरीस शाळा बंद पडली. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते हान्स फिल्बिंगर. नाझी काळात नौदलाचे न्यायाधिकारी असताना त्यांनी मृत्युदंडाच्या खटल्यांत घेतलेला भाग उघड झाल्यावर १९७८ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. मृत्युदंड दिलेल्या दोन भावंडांच्या स्मृतीसाठी उभारलेल्या शाळेचा शेवट अशा माणसाच्या कारकिर्दीत झाला.

१६/ उल्मच्या पराभवाला दुसरी बाजूही आहे. शाळा समाजासाठी वस्तू घडवू पाहत होती. परंतु तिची कीर्ती झाली ती मुख्यतः ब्राउन कंपनीचे रेडिओ आणि लुफ्तान्साची दृश्य-ओळख यांमुळे. वापरकर्त्याच्या बाजूने उभे राहायचे, तर पगार देणाऱ्या उद्योगाशी नाते कसे ठेवायचे? १९६८च्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न कर्कश स्वरात विचारला आणि त्याचे उत्तर कोणालाच देता आले नाही. आजचा यूएक्स पदवीधर एखाद्या ॲपवर काम करताना, वापरणाऱ्याचा वेळ वाचवायचा की त्याला पडद्याला खिळवून ठेवायचे या पेचात सापडतो, तेव्हा तो उल्मचाच अनुत्तरित प्रश्न सोडवत असतो.

१७/ शाळा मेली, पण तिची माणसे जगभर पांगली. गुई बोन्सीपे हा उल्मचा विद्यार्थी आणि अध्यापक चिलीला गेला. १९७० मध्ये तेथे साल्वादोर आयेंदे यांचे समाजवादी सरकार आले. कारखान्यांची माहिती टेलेक्सने गोळा करून निर्णय घेण्यासाठी ‘सायबरसिन’ हा प्रकल्प ब्रिटिश तज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाला. त्याच्या नियंत्रण-कक्षाचे अभिकल्पन बोन्सीपेच्या गटाकडे आले. षट्कोनी कक्ष, भिंतींवर पडदे, सात फिरत्या खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीच्या हातावर मोठाली बटणे. टेबल नाही, कागद नाहीत, कळफलक नाही.

१८/ कळफलक का नाही? कारण टंकलेखन हे स्त्री-सचिवांचे काम मानले जाई, आणि या खुर्च्यांवर बसणारे पुरुष अधिकारी व कामगार ते करणार नाहीत, असे गृहीत धरले गेले. समतेचे स्वप्न पाहणाऱ्या कक्षातही ‘वापरकर्ता’ म्हणून नकळत पुरुषच कल्पिला गेला होता. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्करी उठाव झाला. आयेंदे गेले, प्रकल्प संपला. प्रकल्पाचा एक सूत्रधार आणि मंत्री फर्नांदो फ्लोरेस तीन वर्षे तुरुंगात राहून नंतर कॅलिफोर्नियास पोहोचला. १९८६ मध्ये त्याने स्टॅनफर्डचे प्राध्यापक टेरी विनोग्राड यांच्यासह संगणक आणि मानवी समज यांवर ग्रंथ लिहिला. विनोग्राड पुढे स्टॅनफर्डमध्ये संगणकाच्या विद्यार्थ्यांना परस्परक्रिया-अभिकल्प शिकवू लागले.

१९/ अमेरिकेत याच सुमारास दुसरा प्रवाह वाहत होता. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात भट्टीचा गाभा अंशतः वितळला. दोष पुन्हा कर्मचाऱ्यांवर आला. तपासात दिसले ते असे : एक झडप उघडीच अडकली होती, पण नियंत्रण-फलकावरचा दिवा झडप बंद असल्याचे भासवत होता. कारण तो दिवा झडपेची खरी स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला दिलेला आदेश तेवढा दाखवत होता. दिव्यावर विश्वास ठेवणारा कर्मचारी मूर्ख नव्हता. तो दिवाच त्याला फसवत होता.

२०/ या नियंत्रण-कक्षाचा विचार करण्यासाठी बोलावलेल्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन होते. त्यांच्या दृष्टीने दोष माणसांचा नव्हता, रचनेचा होता. १९८६ मध्ये त्यांनी स्टीफन ड्रेपर यांच्यासह ‘वापरकर्ता-केंद्री प्रणाली-अभिकल्प’ या विषयावरील ग्रंथ संपादित केला. १९८८ मध्ये दारे, नळ, शेगड्या यांसारख्या रोजच्या वस्तूंच्या मानसशास्त्रावरील त्यांचे पुस्तक आले. १९९३ मध्ये ॲपल कंपनीत गेल्यावर त्यांनी आपल्या पदनामात ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द घेतले. विषय जुना होता. आता त्याला जगभर चालणारे नाव मिळाले.

२१/ विद्यापीठांनीही दारे उघडली. १९८२ मध्ये संगणक-शास्त्रज्ञांच्या ‘एसीएम’ या संघटनेत मानव-संगणक परस्परक्रियेचा स्वतंत्र गट स्थापन झाला आणि १९९२ मध्ये त्या गटाने विद्यापीठांसाठी अभ्यासक्रमाची रूपरेषा प्रसिद्ध केली. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९४ मध्ये या विषयाची संस्थाच उभी राहिली. संगणकशास्त्र, मानसशास्त्र आणि अभिकल्प हे तीन विभाग एका छताखाली आले. या विषयाचे खरे वैशिष्ट्य हेच, आणि विद्यार्थ्याची खरी परीक्षाही हीच. त्याला चित्र काढता यावे, प्रयोग मांडता यावा, आणि परक्या माणसाच्या घरी बसून त्याचे म्हणणे मुकाट्याने ऐकताही यावे.

२२/ आता पुन्हा मुंबई. उल्म बंद पडल्यानंतरच्याच वर्षी, १९६९ मध्ये, पवईच्या आय.आय.टी.त औद्योगिक अभिकल्प केंद्र, म्हणजे आय.डी.सी., सुरू झाले आणि त्याच्या उभारणीची धुरा सुधाकर नाडकर्णी यांच्याकडे आली. अभियांत्रिकीच्या बालेकिल्ल्यात अभिकल्पाचा विभाग, हा प्रयोगच होता. पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. अभियंते आणि वास्तुकार एका वर्गात बसून वापर, आकार आणि माणूस यांचा विचार करू लागले. १९८४ मध्ये दृक्-संवादाचा अभ्यासक्रम आला. नाडकर्णींनी पुढे गुवाहाटीच्या आय.आय.टी.तील अभिकल्प विभागाच्या स्थापनेतही पुढाकार घेतला. उल्मची कलमे एका देशातून दुसऱ्या देशात अशी लागत गेली.

२३/ आय.डी.सी.च्या दृक्-संवादाच्या वर्गात शिकवत होते कोल्हापुरात जन्मलेले सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी. रोमन अक्षरांसाठी घडलेल्या यंत्रात देवनागरी कोंबायची आणि मोडलेल्या वेलांट्या वाचकाने गोड मानून घ्यायच्या, हे त्यांना मान्य नव्हते. विंडोजच्या संगणकांवर लक्षावधी लोकांनी वर्षानुवर्षे वाचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्याच अभिकल्पनाचा. पडद्यावरचे मराठी अक्षर डोळ्यांना त्रास न देता वाचता येणे, हाही वापराचा अनुभवच. फक्त तो इतका सहज असतो की त्यामागचे श्रम कोणाच्या लक्षात येत नाहीत.

२४/ वाचण्याचा प्रश्न असा सुटत गेला, लिहिण्याचा उरला. महाराष्ट्र शासनात लिपिक-टंकलेखक होण्यासाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांचे टंकलेखन यावे लागते, आणि त्यासाठी हजारो मुलामुलींनी टंकलेखन संस्थांत महिनोन्‌महिने घालवले आहेत. ज्यांनी ते शिक्षण घेतले नाही, त्यांना संगणकाने जणू सांगितले की मराठी लिहिणे तुमचे काम नव्हे. मग लोक मराठी वाक्ये रोमन लिपीत लिहू लागले. यालाही ‘मराठी माणसाची उदासीनता’ म्हटले गेले. बी-१७च्या वैमानिकावर ठेवलेला दोष आणि हा दोष एकाच जातीचा.

२५/ आय.डी.सी.त प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न वापरकर्त्याच्या बाजूने पाहिला. देवनागरी येणाऱ्या प्रत्येकाला शाळेपासून काय पाठ असते? वर्णमाला आणि बाराखडी. मग कळफलकाची मांडणी त्यावरच का नसावी? ‘स्वरचक्र’ या मोबाइल कळफलकात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने असतात; ‘क’वर बोट टेकवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उमलते आणि बोट हव्या त्या दिशेला सरकवले की अक्षर उमटते. नवे काही घोकावे लागत नाही. शाळेतली बाराखडीच कामी येते.

२६/ या विद्याशाखेने भारतात मूळ धरल्याचे एक चिन्ह म्हणजे सप्टेंबर २०१७. मानव-संगणक परस्परक्रियेवरील ‘इंटरॅक्ट’ ही जागतिक परिषद त्या वर्षी मुंबईत, पवईच्या आय.आय.टी.त भरली. २०१५ पासून तेथे बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी अभिकल्पाची पदवीही सुरू झाली आहे. प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना वाटते की हा विषय म्हणजे सुंदर पडदे रेखाटणे. आत गेल्यावर पहिला धक्का बसतो तो असा की संगणक बंद ठेवून त्यांना बाजारात, दवाखान्यात, बसथांब्यावर पाठवले जाते : पाहा, विचारा, टिपून आणा.

२७/ या शिक्षणातील सर्वांत कठीण तास बहुधा तोच, ज्यात विद्यार्थी स्वतः घडवलेली गोष्ट एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या हाती देतो आणि गप्प बसतो. समोरची आजी भलत्याच ठिकाणी बोट ठेवते. विद्यार्थ्याच्या ओठांवर शब्द येतात, ‘तिथे नाही, इथे.’ ते त्याने गिळायचे असतात. कारण वस्तू घरोघरी जाईल तेव्हा समजावून सांगायला तो तेथे नसेल. आजी अडखळली, तर वहीत नोंद आजीच्या नावापुढे होत नाही. आपल्या रेखाटनापुढे होते. चॅपानिसने विमानात जे केले, तेच येथे वर्गात शिकवले जाते.

२८/ उल्मची शाळा जेमतेम पंधरा वर्षे चालली. सायबरसिनचा कक्ष कधी धड वापरातच आला नाही. उत्तम विचाराला दीर्घायुष्य लाभतेच असे नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको. पण इंगे शोलच्या शाळेत शिकलेला एक मुंबईकर पवईला येतो, तेथे एक विभाग उभा राहतो आणि काही दशकांनी त्याच विभागातून बाराखडीवर चालणारा कळफलक निघतो, ज्याने कधी टंकलेखनाचा वर्ग न पाहिलेली माणसे आपल्या लिपीत निरोप लिहितात. मधल्या काळात वस्तू बदलल्या, देश बदलले, विषयाचे नावही बदलले. काही चुकले की आधी माणसाकडे बोट न दाखवता वस्तूकडे नीट पाहायचे, ही सवय तेवढी हातोहात पुढे जात राहिली.